पटावरचं दहावं नाव

आमच्या शाळेला एक मूल कमी होतं. पहिली ते पाचवी मिळून पटावर नऊ मुलं होती आणि नियमाने दहा हवी होती. पट दहाच्या खाली राहिला तर शाळा रस्त्यापलीकडच्या हिंदी शाळेत विलीन करण्यात येईल, असं शिक्षण खात्याचं पत्र आलं. पत्र हिंदीत होतं, अतिशय सभ्य होतं, आणि त्यात विलीन हा शब्द इतक्यांदा होता की एखाद्या साधुपुरुषाच्या देहत्यागाची हकीकत वाचतोय असं वाटत होतं. एका सामान्य दिवशी खात्याचे साहेब स्वतः येऊन डोकी मोजतील आणि त्यावर निर्णय होईल, असं शेवटी लिहिलं होतं. त्यातला 'सामान्य दिवशी' हा भाग तेव्हा कुणाच्या डोळ्यांत भरला नाही.

मी त्या शाळेचा मानद सचिव होतो. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाने हे काम माझ्या गळ्यात मारलं. रिकामा माणूस आमच्या मंडळाला बघवत नाही. त्यात माझं अक्षर चांगलं, त्यामुळे सुटकेचा काही मार्गच नव्हता.

शाळा भोपाळला, बरखेड्याच्या टाउनशिपमध्ये होती. कारखान्याने दिलेली दोन जोडक्वार्टर्स आणि मधली पाडलेली भिंत. महाराष्ट्रातून इथे नोकरीला आलेल्या फिटर, कारकून आणि इंजिनिअर लोकांची मुलं एके काळी तिथे दाटीवाटीने बसत. भिंत पाडली तरी स्वयंपाकघराचा ओटा कुणी पाडला नव्हता, त्यामुळे तिसरी ते पाचवीचा फळा ओट्याच्या वर टांगलेला होता आणि शुद्धलेखन लिहिताना बाई पोळ्या करायला उभ्या असल्यासारख्या दिसत. नकाशे न्हाणीघरात ठेवलेले असत. महाराष्ट्राच्या नकाशाला कोकणाच्या बाजूने ओल लागली होती, आणि त्याबद्दल तक्रार करायलाही जागा नव्हती.

शाळेत शिक्षिका एकच, त्याच मुख्याध्यापिका, त्याच घंटा वाजवणाऱ्या. बाई मूळच्या अमरावतीकडच्या. नवऱ्याच्या सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आल्या, नवरा गेला, बाई राहिल्या. विलीनीकरणात त्यांची नोकरी जाणार नव्हती, त्यांना दुसरीकडे कुठे तरी सामावून घेतलं असतं. त्यांचा जीव अडकला होता पहिलीतल्या तीन मुलांत. तिघंही बांधकामावर आलेल्या वऱ्हाडातल्या मजुरांची. त्यातली एक मुलगी आधी सहा महिने त्याच हिंदी शाळेत बसली होती आणि त्या सहा महिन्यांत तिने तोंड उघडलं नव्हतं. तिथल्या मास्तरांनी ती मुकी आहे असं वहीत लिहूनही टाकलं होतं. आमच्याकडे आल्यावर तिसऱ्या दिवशी ती जी बोलायला लागली, ती बाईंना गप्प बस म्हणावं लागेपर्यंत. "हे तिघं पाचवी होऊन बाहेर पडू द्या, भाऊ," बाई मला म्हणाल्या, "मग खुशाल कुलूप लावा ना जी." म्हणजे चार वर्षं आणि एक मूल, एवढीच त्यांची मागणी होती.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण त्या सबंध काळात ती सोडून मी बाकी सगळं बोललो. माझी नात तेव्हा पहिलीतच होती. इंद्रपुरीत माझ्याच घरात राहायची, माझ्याच ताटात जेवायची, आणि पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जायची.

पत्र आल्यावर मी मंडळाच्या कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली. अकरा जण आले. प्रत्येक जण मातृभाषेवर बोलला, काही जण दोनदा बोलले. मग मी म्हटलं, ठीक आहे, एक मूल द्या. आमच्या लोकांत एक अलिखित शिष्टाचार आहे: मराठीवर कितीही वेळ बोलावं, पण तुमची नातवंडं कुठल्या शाळेत जातात हे समोरच्याला विचारू नये. मी विचारलं असतं तर त्यांनी मला विचारलं असतं, म्हणून मीही कुणाचं नाव न घेता छताकडे बघत म्हटलं होतं. अकराही जण "बघतो" म्हणाले. नाही म्हणण्याची आमच्याकडे तीच पद्धत आहे.

शेवटी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आमचे अध्यक्ष म्हणाले की नियमात वयाची वरची मर्यादा दिली आहे का ते बघा, नसेल तर मी स्वतः पहिलीत बसतो. यावर पाऊण तास चर्चा झाली. त्यांना गुडघ्यामुळे खाली बसता येणार नाही, खुर्ची दिली तर इतर मुलांवर अन्याय होईल, आणि त्यांच्याकडे पाचवी पास झाल्याचा दाखला आधीच आहे, असे मुद्दे निघाले. विषय पुढे ढकलून गणेशोत्सवाच्या महाप्रसादावर आम्ही आलो तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

मोजणीची पहिली तारीख जानेवारीत ठरली, गुरुवार. बुधवारी संध्याकाळी कलेक्टरचा आदेश निघाला: थंडीची लाट, पाचवीपर्यंतच्या सर्व शाळा पुढील आदेशापर्यंत बंद. साहेबांचा फोन आला की शाळाच बंद असेल तर मोजू काय. मी दुःखी आवाजात हो ना म्हणालो आणि फोन ठेवून पत्नीला म्हटलं, आज काही तरी गोड कर. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, शाळा बंद झाली म्हणून वाचली. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्या थंडीच्या सुट्टीत बाईंनी खरोखरच दहावं मूल मिळवलं. यवतमाळकडची एक मुलगी, बाप सेंट्रिंगच्या कामावर. बाईंनी साइटवर जाऊन, विटांवर बसून, फॉर्म भरून घेतला. आम्ही पटावर दहावं नाव लिहिलं आणि ओट्यावर ठेवून पेढे खाल्ले. सुट्टी वाढत गेली, कारण थंडी वाढत गेली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ठेकेदाराने सगळी टोळी दुसऱ्या जिल्ह्यात हलवली. ती मुलगी अकरा दिवस आमची विद्यार्थिनी होती आणि तिने आमची शाळा एकदाही उघडी पाहिली नाही. बाईंनी तिच्या नावावर रेघ मारली आणि रकान्यात कारण लिहिलं, स्थलांतर. मग दिवसभर त्या मुलांवर उगाच चिडत राहिल्या.

मीही मूल शोधायला बाहेर पडत होतोच. शाहपुऱ्याला तळ्याजवळ पुण्याहून बदलून आलेलं एक कुटुंब राहतं असं कळलं, पहिली आणि तिसरीच्या वयाची दोन मुलं. मी धुतलेला कुर्ता घालून गेलो. त्यांनी इतकं आदराने वागवलं की मला वाटलं काम झालं. पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं, इथल्यासारखी सोबत जिलबी आणली नाही, म्हणजे माणसं अस्सल. शाळेची कहाणी ऐकून त्या घरातल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ओट्यावरच्या फळ्याचं ऐकून गृहस्थ म्हणाले की हे सगळं कुणी तरी लिहून ठेवलं पाहिजे. निघताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, तुमच्याकडे उन्हाळी शिबिर वगैरे असतं का, आठवड्यातून एखादा दिवस, मुलांना आपली संस्कृती कळावी म्हणून. मी "बघतो" म्हणालो.

परत येताना स्कूटरवर मी त्या कुटुंबाला मनातल्या मनात फार बोललो. ढोंगी, दिखाऊ, बोलाचे वीर, जे सुचेल ते. इंद्रपुरीचं वळण आलं तेव्हा समोरून पिवळी बस येऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. नात उतरली आणि तिची बाटली मी घेतली.

एप्रिलमध्ये दुसरी तारीख होती. उन्हामुळे शाळांना लवकर सुट्टी लागली. जूनमध्ये पाचवीतली दोन मुलं बाहेर पडली, पहिलीत दोन आली, पट नऊचा नऊच राहिला. तिसरी तारीख जुलैत. आदल्या संध्याकाळी अतिवृष्टीचा इशारा आला आणि शाळांच्या मोबाइल ग्रुपवर आदेश फिरला, उद्या सर्व शाळा बंद. दुसऱ्या दिवशी भोपाळमध्ये इतकं लख्ख ऊन पडलं की लोकांनी गाद्या वाळत घातल्या. बाई आणि मी सवयीने शाळेत गेलो होतो. अकराच्या सुमारास साहेबांची जीप दारात उभी राहिली. त्यांनी ग्रुप पाहिला नव्हता, आभाळ पाहिलं होतं, आणि ते बघून निघाले होते.

साहेब सागरकडचे, जाडजूड, शांत माणूस. मी त्यांना आदेश दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, मग बाहेर जाऊन वर पाहिलं, मग परत येऊन आदेश तिसऱ्यांदा वाचला. नोंद तर करायलाच हवी होती, कारण जीपच्या वहीत फेरी लिहिली गेली होती. त्यांनी लिहिलं, उपस्थिति शून्य, कारण वर्षा. मग पेन थांबवून ते बराच वेळ विचार करत बसले. शून्य दहापेक्षा कमी आहे, तेव्हा शाळा विलीन व्हायला हवी. पण आज कायद्याने मुलं यायलाच नको होती, तेव्हा शून्य ही शंभर टक्के उपस्थिती झाली.

"बाईजी, जो स्कूल बंद है, उसको मैं बंद कैसे लिखूँ?" त्यांनी शेवटी विचारलं.

बाईंनी त्यांना चहा दिला. साहेबांनी तो ओट्याला टेकून प्यायला, फळ्यावरची मराठी कविता मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला, आणि लिपी तर आमचीच आहे मग समजत का नाही, असं नवल करून निघून गेले.

तेव्हापासून मी बिघडलो. सकाळी उठून आधी मोबाइलवर हवामान बघायचं, मग देवाला नमस्कार. मोजणीची तारीख पडली की मला आजार, धुकं, वादळ, काहीही चालायचं. पत्नी म्हणाली की लोक पोरांच्या परीक्षेसाठी देव पाण्यात ठेवतात, यांना सगळं शहरच पाण्यात ठेवायचं आहे. शाळा वाचवायची तर ती बंद राहायला हवी, हे मला इतकं सरळ दिसायला लागलं होतं की त्यात काही चुकतंय असं वाटेनासं झालं. आणि अनुभवही तसाच होता. लॉकडाउनमध्ये, जेव्हा शाळेचं कुलूप दीड वर्षं निघालं नव्हतं, तेव्हा बाईंच्या ऑनलाइन वर्गात सतरा मुलं बसायची, कारण आमच्या मुलांची अकोल्याची आणि वर्ध्याची मावसभावंडंही आपापल्या घरून घुसायची. शाळा उघडली आणि सतराची परत नऊ झाली.

पुढच्या तारखेला डोळे आले. शहरातच साथ होती. साहेब आले ते काळा चष्मा लावून, आणि फाटकाबाहेरच थांबले, कारण डोळे आलेल्या माणसाने शाळेत जाऊ नये असा आदेश त्यांच्याच कचेरीतून निघाला होता. ते म्हणाले, बच्चों को आँगन में खड़ा कर दीजिए, मैं यहीं से गिन लेता हूँ. बाईंनी मुलं उभी केली. तिघांचे डोळे आलेले म्हणून ती घरी होती, उरली सहा. साहेबांनी चष्म्याआडून मोजली तर सात आली. परत मोजली, पाच. तिसऱ्यांदा त्यांनी आमच्या जास्वंदीला धरून आठ केली. मी ते चालू दिलं, जास्वंद सचिवाच्या अखत्यारीत होती. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि अत्यंत प्रामाणिकपणे लिहिलं की नेत्रविकारामुळे गणना अमान्य.

मुलं मात्र या सगळ्यात शिकत होती. हे मी सांगायला विसरतो, कारण मला आकड्याचाच नाद लागला होता. मुकी म्हणून नोंद झालेली ती मुलगी आता वाचायला लागली होती आणि वाचलेलं सगळ्यांना ऐकवत हिंडत होती, दुकानाच्या पाट्या, गोणीवरची अक्षरं, माझ्या शर्टाच्या खिशावरचा धोब्याचा खुणेचा आकडा. बाई सुट्टीच्या आदेशाला न जुमानता तिघांना दुपारी घरी बोलवून शिकवत. माझ्याकडे त्यांनी बेंच मागितले, खडू मागितले, नळ दुरुस्त करून मागितला. माझी नात मात्र कधी मागितली नाही. नात कितवीत आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दिवाळीला त्या तिच्यासाठी दरवर्षी मातीचा मावळा आणत, आणि दर वेळी मला वाटे, आज विचारतील. विचारलं असतं तर मी काय म्हणणार होतो तेही मी पाठ करून ठेवलं होतं. सून, मुलगा, आजची पिढी, आपलं आता कोण ऐकतं.

शेवटी डोळ्यांची साथ ओसरली, पाऊस संपला, थंडी सुरू व्हायला अवकाश होता, आणि साहेबांनी शनिवारची तारीख दिली. आमच्या शाळेला शनिवारी सकाळची अर्धी शाळा असायची. त्या दिवशी पहाटे मी मोबाइल बघितला. आदेश नव्हता. गच्चीवर जाऊन पाहिलं. इतका सामान्य दिवस मी आयुष्यात पाहिला नव्हता. ऊन बेताचं, वारा बेताचा, शेजारी कुणी साधं शिंकतही नव्हतं.

इंग्रजी शाळांना शनिवारी सुट्टी असते. मुलगा आणि सून कामावर निघून गेले होते. नात झोपाळ्यावर बसून दूध पीत होती. मी तिला विचारलं, माझ्या शाळेत येतेस का आज. पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. मी म्हटलं, एका दिवसापुरतं, नुसतं बसायचं आहे. पत्नीने नातीच्या दोन वेण्या घालून दिल्या.

बाईंनी आम्हाला फाटकातून येताना पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला, हे आज लिहिताना लाज वाटते. त्यांनी हजेरीची वही काढली, नऊच्या खाली पेन्सिलीने माझ्या नातीचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, आणि तिला त्या बोलक्या मुलीच्या शेजारी सतरंजीवर बसवलं. नात त्यांना मॅम म्हणाली. मॅम नाही, बाई, असं त्या दुसऱ्या मुलीने तिला तिथल्या तिथे सुधारलं.

साहेब दहा वाजता आले. चष्मा नव्हता. त्यांनी बोट दाखवत मोजलं, दहा. परत मोजलं, दहा. मग आनंदाने पट मागितला. पटावर नऊच नावं होती. साहेबांनी हजेरी पाहिली, दहा. पट पाहिला, नऊ. त्यांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली. नोकरीत आपण शून्य हजेरी पाहिली, खोटी हजेरी पाहिली, पण पटापेक्षा जास्त हजेरी पहिल्यांदाच बघतोय, असं ते म्हणाले.

त्यांना कळलं होतं, ते काही भोळे नव्हते. पण त्यांना शाळा बंद करायची हौस नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले की मुलगी बसली आहेच, तर फॉर्म आत्ता भरून टाका, जुन्या शाळेचा दाखला महिनाभरात आणून द्या, मी आजच्या तारखेने पट दहा लिहितो. "मैं चाय पी लेता हूँ, तब तक आप साइन कर दीजिए."

बाईंनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला. पालकाच्या सहीच्या जागी त्यांनी बोट ठेवलं नाही, मला ती जागा माहीत होती. मी पेन काढलं आणि म्हणालो, तिच्या बापाला विचारावं लागेल. व्हरांड्यात जाऊन मुलाला फोन लावला. मला खात्री होती की तो नाही म्हणेल. गेलं वर्षभर मी त्याच्या त्या नाहीच्या भरवशावर जगत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही ठरवा. पाचवीपर्यंतच आहे ना? तुम्ही म्हणाल तसं करू."

मी फोन खिशात ठेवला. आत नात आणि ती मुलगी एका पुस्तकावर डोकी टेकवून बसल्या होत्या. ती मुलगी एकेक शब्द वाचत होती आणि नात तिच्या मागून म्हणत होती. माझ्यासमोर मात्र भलतंच काही तरी यायला लागलं. पिवळी बस आमच्या गल्लीतून तिला न घेता पुढे जातेय. ड्रॉइंग ऑफिसातले माझे जुने सोबती विचारताहेत, काय हो, ऐपत नाही का राहिली. चार वर्षांनी ती कुठल्या तरी इंग्रजी वर्गात शेवटच्या बाकावर तोंड न उघडता बसलीय आणि कुणी तरी तिच्याबद्दल वहीत काही तरी लिहितंय. मी भ्यालो. बाकी काही कारण नव्हतं. माझी मराठी शाळा होती, माझी नात होती, सगळे हो म्हणत होते, आणि मी भ्यालो.

मी आत जाऊन साहेबांना म्हणालो की हिचं नाव दुसरीकडे आहे, ही आज सहज आली होती. कप अर्धा होता, तो त्यांनी खाली ठेवला. माझ्याकडे न बघता त्यांनी वहीत नऊ लिहिलं, सही केली, टोपी घातली. जाताना बाईंना नमस्कार केला, मला नाही.

बाईंनी फॉर्म उचलला, घडी न घालता कपाटात ठेवला. मग हजेरीची वही उघडली आणि खोडरबर घेतलं. त्या हळूहळू पुसत होत्या, कागद फाटू नये म्हणून. नात जवळ जाऊन उभी राहिली. वाचता येत होतं तिला, देवनागरी तिला हिंदीमुळे येत होती. आपलं आडनाव जाताना तिने पाहिलं.

"माझं नाव का पुसता?"

बाईंनी रबराचा चुरा फुंकला नाही, हाताने गोळा केला. "तुमच्या आजोबांना विचारा," त्या म्हणाल्या. सात वर्षांच्या मुलीला त्यांनी तुम्ही म्हटलं.

मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. स्कूटरपाशी मी किल्ली शोधत होतो तेव्हा तिने मला तेच विचारलं. मी म्हणालो, उद्या रविवार आहे, शाळा बंद असते, म्हणून पुसलं.

"मग परवा येऊ?"

"परवा पण बंद आहे."

तिने मान वर केली. सगळ्या शहरावर एक ढग नव्हता.

"पाऊस येणार आहे?"

"हो," मी म्हणालो, "खूप येणार आहे."